बाजूचा फोटो

२३ नोव्हेंबर, रविवार. ओपीडी बंद होती म्हणून डार्करूम रिकामी करायचं काम त्या दिवशीच उरकायचं ठरवलं. आमच्या ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे संगणकावर येऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून फिल्म धुवायची ती अंधारी खोली कुलूपबंद होती. आता तिथं ऑक्सिजनचे सिलिंडर ठेवायचे आहेत. जुन्या फिल्ममध्ये थोडी चांदी असते, त्यामुळे भंगारवाल्याला घाई. सोमवारी सकाळीच टेम्पो घेऊन येतो म्हणाला. मी इथली इन्चार्ज सिस्टर. किल्ल्या माझ्याकडे, तेव्हा धूळही माझ्याच वाट्याला.

ओढणी कमरेला बांधली, तोंडाला मास्क लावला आणि कुलूप उघडलं. दाराच्या आतून काळी घोंगडी टांगलेली होती, कसर लागून जागोजागी विरलेली. ती बाजूला सारली तर आंबूस वास आला. फिल्म धुवायच्या औषधाचा वास, व्हिनेगरसारखा. इतक्या वर्षांनी तो राहिला असेल असं वाटलं नव्हतं. भिंतीवर खिळ्यांची ओळ तशीच होती. प्रत्येक खिळ्याखाली लाल रंगानं आकडा, एक ते बारा.

गठ्ठे उचलून पोत्यांत भरत गेले. पाकिटांवरची नावं वाचायची नाहीत असं ठरवलं होतं, नाहीतर दिवस पुरला नसता. शेवटच्या कप्प्यात एक पाकीट बाकीच्यांपासून वेगळं, भिंतीला टेकून उभं ठेवलेलं होतं. त्यावर नाव नव्हतं. 'वाया' एवढा एकच शब्द आणि खाली तारीख. अक्षर गफूरभाईंचं होतं. तारीखही माझ्या ओळखीची होती.

फिल्म बाहेर काढून खिडकीकडे धरली. मग पोतं तसंच उघडं टाकून स्टुलावर बसले.

गफूरभाई आमचे डार्करूम असिस्टंट. एक्स-रे टेक्निशियनची जागा आमच्याकडे बहुतेक वेळा रिकामीच, त्यामुळे फोटो काढणं, धुणं, वाळवणं आणि डॉक्टरच्या हातात नेऊन देणं हे सगळं तेच करायचे. मूळचे शिरड शहापूरचे. वडील गावोगाव फिरून तांब्या-पितळेच्या भांड्यांना कलई करायचे. गफूरभाई उंच, जरा पुढे वाकलेले आणि बोलायला सावकाश. दिवसभर अंधारातून उजेडात आणि उजेडातून अंधारात करून डोळे कायम लाल. अंगाला त्या औषधाचा आंबूस वास. गळ्यात चौकड्यांचा रुमाल, बारा महिने. मे महिन्यात वीज जायची, आम्ही सगळे वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत बसायचो, पण त्यांचा रुमाल सुटायचा नाही. डोळे, वास आणि रुमाल मी रोज बघत होते. कधी काही विचारलं नाही. मला वाटायचं, बघितलं म्हणजे कळलं.

भिंतीवरचे ते आकडे म्हणजे त्यांची व्यवस्था. छातीचा फोटो काढायचा तर गळ्यात काही नको. आमच्याकडे येणाऱ्या माणसाच्या गळ्यात मात्र काय नसतं? ताईत, काळे दोरे, दर्ग्याचा गंडा, चांदीचे देव. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, काढ आणि ठेव तिकडे. गफूरभाई ते स्वतःच्या हातानं उतरवायचे, आकडा दाखवून खिळ्याला अडकवायचे आणि सांगायचे, "तुमचा सात नंबर. ध्यानात ठिवा. माझ्याकडून आजपतुर कुणाचा देव कुणाच्या गळ्यात गेला न्हाई."

बायकांचा प्रश्न वेगळा होता. मंगळसूत्र काढायला कुणीच तयार नसायची. तरण्या पोरी रडायला लागायच्या, म्हाताऱ्या भांडायच्या. गफूरभाईंनी कधी आग्रह केला नाही. "काढू नका. वर घ्या अन् दातात धरा," म्हणायचे. आमच्या तालुक्यातल्या किती बायांचे छातीचे फोटो दातात मंगळसूत्र धरून निघाले असतील, कुणास ठाऊक. एकदा एक आजी म्हणाली, "मला दात न्हाईत, लेकरा." गफूरभाई म्हणाले, "मंग व्हटात धरा, आजी. पर बोलू नका, न्हाईतर फोटो हलंल." आजी म्हणाली, "जन्मात पयल्यांदा गप बसायला सांगणारा मुसलमान भेटला, आतापतुर आमचंच माणूस सांगत व्हतं." तो किस्सा ते सगळ्यांना सांगायचे आणि सांगताना स्वतःच आधी हसायचे.

आमचं भांडण व्हायचं ते बाजूच्या फोटोवरून. डॉक्टर लिहायचे, छातीचा एक फोटो. गफूरभाईंना शंका आली की ते पेशंटला आडवं वळवून, हात डोक्यावर धरायला लावून दुसराही काढायचे. फिल्मचा साठा माझ्या ताब्यात असायचा आणि नव्या फिल्म यायला महिने लागायचे.

"डॉक्टरांनी एकच लिहिलाय, गफूरभाई. दुसरा कुणाच्या मनानं काढला?"

"मनानं न्हाई, सिस्टर. दिलाच्या मागं काय लपलंय ते समोरून कसं दिसंल? माणूस काय कागद हाय का, चपटा?"

"मग फिल्म घरून आणत जा."

"आणल्या असत्या की. पर अब्बांनी कथील अन् नवसागराबिगर घरात काय ठिवलंच न्हाई."

मी रागानं निघून जायची. त्यांच्या शंका खऱ्या ठरायच्या, हे मी कुणापुढे मान्य केलं नाही. एकदाच करावं लागलं.

साखऱ्याहून मेंढरं राखणाऱ्या घरातली एक बाई आली होती, गिरजाबाई. तिशीची असेल. तिला झोपता येत नव्हतं. गुडघ्यांना मिठी मारून, पुढे वाकून बसली तरच श्वास मिळत होता. ड्युटीवरचा डॉक्टर नवा होता, कॉलेजातून नुकताच आलेला. समोरचा ओला फोटो त्यानं बघितला आणि म्हणाला, हृदय मोठं झालंय, पाय सुजलेत, सिस्टर, लघवी व्हायचं इंजेक्शन भरा. मी भरलं. दंडाला स्पिरिट लावलं. तेवढ्यात गफूरभाई दुसरी, जुनी फिल्म घेऊन आले. धावत यायचा त्यांचा स्वभाव नव्हता, त्या दिवशी धावत आले.

"डाक्टरसाब, थांबा. ही बाई गेल्या महिन्यात खोकल्याला म्हणून आलती. तवा दिल एवढं व्हतं." त्यांनी मूठ दाखवली. "एका महिन्यात दिल घागरीएवढं व्हत न्हाई. हे दिल न्हाई, पाणी हाय."

"हीच बाई कशावरून?"

"काळ्या दोऱ्यात दोन चांदीचे ताईत, एक चेपलेला. मीच उतरवला व्हता. नऊ नंबर."

डॉक्टर नवा होता, पण ऐकणारा होता. दोन्ही फिल्म शेजारी धरून त्यानं बघितल्या. मग बाईची मान बघितली. शिरा दोरीसारख्या फुगलेल्या होत्या. कानाला नळी लावली तर ठोके लांबून आल्यासारखे, बारीक. बीपीचा पट्टा त्यानं अगदी हळूहळू सोडला. बाई श्वास आत घेई तेव्हा ठोका नाहीसा होई आणि सोडला की परत येई. त्यानं माझ्या हातातली सिरिंज काढून घेतली. म्हणाला, "हे दिलं असतं तर बाई गेली असती, सिस्टर."

हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते. तिच्यात पाणी साचलं की हृदयाला बाहेरून दाब बसतो आणि ते आतून भरतच नाही. शिरांमध्ये जे रक्त असतं त्याच्या जोरावर ते कसंबसं चाललेलं असतं. लघवी करवून तेही कमी केलं की खेळ आटोपला. मी पंचवीस वर्षं इंजेक्शनं देते आहे; एवढ्या जवळून चूक हुकलेली दुसरी आठवत नाही. आम्ही इंजेक्शनाऐवजी सलाईन लावलं, बसवूनच ॲम्ब्युलन्समध्ये घातलं आणि नांदेडला पाठवलं. तिथं बरगडीच्या खालून सुई घालून लिटरभर पाणी काढलं. टीबीचं निघालं. आमच्या भागात हृदयाभोवती पाणी झालं की पहिली शंका टीबीचीच घ्यायची असते.

सहा महिने गोळ्या खाऊन गिरजाबाई चालत आली. डॉक्टरांसाठी तिनं काही आणलं नव्हतं. गफूरभाईंसाठी मात्र घरच्या लोकरीची घोंगडी आणली होती. त्यांनी ती दाराला टांगली. म्हणाले, "या दाराच्या फटीतून उजेड शिरून राहिला व्हता. आता एक किरण येत न्हाई बघा."

तिच्यासारख्या प्रत्येकाला ते एक गोष्ट सांगायचे. गोळ्यांची पुडी घेऊन पेशंट फाटकाकडे निघाला की गाठायचे. "पुऱ्या करा. बरं वाटलं तरी पुऱ्या करा. मी तरणा व्हतो तवा छातीत पाणी झालतं. चार महिने खाल्ल्या, चांगलं वाटलं, सोडून दिल्या. अब्बांनी लई मारलं." माझ्या खुर्चीपासून फाटक दहा पावलांवर. हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, त्याला सुमार नाही. पाठ झालं होतं. अर्थ मात्र कधी डोक्यात शिरला नाही.

मग त्यांचं पोट वाढायला लागलं. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे. ढगळ शर्ट घालायला लागले. चपलेचे पट्टे लागेनात, तेव्हा मागून दाबून फटफट चालायचे. धाप लागायची. फोटो काढताना पेशंटला "सास घ्या, दाबून धरा, आता सोडा" सांगायचे आणि स्वतः भिंतीला टेकायचे. तेव्हाच्या डॉक्टरांनी बाहेरून सोनोग्राफी करवून घेतली. कागदावर आलं, लिव्हर खराब, पोटात पाणी. डॉक्टरांनी केसपेपरवर औषधं लिहिली आणि खाली दोन शब्द लिहिले, 'दारू बंद'. विचारलं नाही. पोट फुगलेला पुरुष खोलीत शिरला की तो बसायच्या आत आमच्याकडे हे दोन शब्द लिहून होतात. दहातल्या आठांच्या बाबतीत खरेही असतात. तो केसपेपर मीच फाईलला लावला. लाल डोळे, आंबूस वास, आणि आता लिव्हर. मला सगळं जुळल्यासारखं वाटलं. एवढा नमाजी माणूस आणि असा, याचा थोडा रागही आला.

त्यांची मुलगी शाहीन तेव्हा एकोणीस वर्षांची होती. कनेरगाव नाक्यावरच्या एका घरातून तिच्यासाठी विचारणा झाली होती. त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि मुलगा शिकलेला होता. आमच्याकडे सोयरीक ठरण्याआधी मुलीच्या बापाची चौकशी घरी करत नाहीत, तो जिथं काम करतो तिथं करतात, आणि तीही साहेबाकडे नाही. मुलाची आई रहीमाबी गुडघेदुखीचा केसपेपर काढून रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आल्यावर हळूच म्हणाली, "बाई, एक पूछना था. वो फोटोवाले गफूरभाई कैसे आदमी हैं? रिश्ते की बात है, इसलिए."

मी स्पष्ट बोलणारी म्हणून ओळखली जाते. मला त्याचा अभिमान होता. म्हणाले, "माणूस कामाला चांगला आहे. पण लिव्हर गेलंय. लिव्हर कशानं जातं, ते मी तुम्हाला काय सांगू."

एवढंच. 'पितो' हा शब्द मी वापरला नाही. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की तो शब्द मी वापरला नव्हता.

रहीमाबीनं गुडघ्याच्या गोळ्याही घेतल्या नाहीत. आठवड्यात सोयरीक मोडली. कारण सगळीकडे पसरलं, आणि सांगणारी दवाखान्यातलीच म्हटल्यावर कुणाला शंका राहिली नाही. नंतर आलेली दोन स्थळं बोलणीपर्यंतही पोचली नाहीत. हिंदूच्या घरात बाप पितो म्हणून एखाद्या वेळी चालवून घेतील. त्यांच्यात ते घर उठल्यासारखं होतं. गफूरभाई शुक्रवारी मशिदीत शेवटच्या ओळीत उभे राहायला लागले, असं आमचा ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर सांगायचा. तो हे हसत सांगायचा. मी ऐकून घ्यायची.

माझ्याशी ते पहिल्यासारखेच वागले. त्या ईदलाही स्टीलच्या डब्यातून शीरखुर्मा आला. बदल एकच झाला. माझ्यापुढे आले की दोन हात लांब उभे राहायचे आणि रुमालाचं टोक तोंडावर धरून बोलायचे. मला वाटलं, वास लपवतायत. वास त्यांना लपवायचाच होता. पण तो कसला वास होता, हे मला माहीत असायला हवं होतं. त्याच औषधाचे डबे स्टोअरमधून त्यांना मीच काढून देत होते.

असं दोन वर्षं चाललं.

मग हिंगोलीहून आठवड्यातून एकदा एक फिजिशियन मॅडम यायला लागल्या. गफूरभाई कुणाचा तरी फोटो घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. मॅडमनी फोटो घेतला आणि बघितलं मात्र त्यांच्याकडे.

"किती दिवसांपासून पोट असं आहे?"

"झाले दोन साल."

"आधी पोट वाढलं का पाय सुजले?"

"आधी पोट. पाय मागून."

"रुमाल काढा जरा."

ते घुटमळले. म्हणाले, "शिरा उड्या मारत्यात, मॅडम. फोटो काढताना लेकरं भितात, म्हणून बांधतो."

रुमाल सुटला. इतक्या वर्षांत मी त्यांची मान पहिल्यांदा बघितली. ताठ बसलेले असूनही शिरा कानाच्या पाळीपर्यंत फुगलेल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, श्वास आत घ्या. श्वास घेतल्यावर या शिरा खाली बसायला हव्यात. त्यांच्या आणखी वर चढल्या.

"लिव्हरच्या पेशंटची मान अशी नसते," मॅडम मला म्हणाल्या. मग त्यांना विचारलं, "टीबी झाला होता?"

"व्हय. तरणा व्हतो तवा."

"गोळ्या पूर्ण केल्या होत्या?"

"चार महिने खाल्ल्या."

"दारू घेता?"

"न्हाई."

"कधीतरी?"

"कधीच न्हाई."

"बरं," मॅडम म्हणाल्या आणि कागदावर लिहायला लागल्या. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. मी शेजारी बीपीचं मशीन घेऊन उभी होते. काय करावं कळेना, म्हणून पट्ट्याची गुंडाळी करत राहिले.

मॅडमनी समजावलं ते असं. टीबीचं पाणी कधीकाळी आटलं, पण हृदयाभोवतीची पिशवी जाड होत गेली, हृदयाला चिकटली, तिच्यात चुना साचला. हृदय चांगलं आहे, पण डबीत बंद आहे. त्याला पसरायला जागा नाही, त्यामुळे रक्त मागे तुंबतं, मानेत, लिव्हरमध्ये, पोटात, पायात. बाहेरून हुबेहूब दारूड्याचं लिव्हर वाटावं असं. लघवीच्या गोळ्या जपून द्यायच्या, मीठ कमी करायचं. पण गोळ्यांनी कवच विरघळत नाही, ते ऑपरेशन करून सोलून काढावं लागतं. जेवढं लवकर तेवढं बरं.

"समोरच्या फोटोत चुना लपतो," त्या म्हणाल्या. "बाजूचा काढा."

गफूरभाई माझ्याकडे बघून थोडं हसले. पण आता त्यांचा फोटो काढणार कोण? दुसरं कुणी नव्हतं. त्यांनीच मला मशीन दाखवलं, आकडे लावून दिले, बटण कुठलं ते सांगितलं. मग स्वतःचा ताईत काढून बारा नंबरच्या खिळ्याला अडकवला, डावी कूस फिल्मच्या पेटीला टेकवली आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले. मी शिशाच्या पडद्यामागे होते. त्यांचं तोंड भिंतीकडे. माझ्याकडे बघता येत नव्हतं.

"सांगा आता," ते म्हणाले.

"श्वास घ्या," मी म्हणाले. "दाबून धरा."

त्यांनी श्वास घेतला, पण धरला नाही.

"सिस्टर, तुमी मला एकदा इचारलं काहून न्हाई?"

मी बटण दाबलं होतं. आमचं मशीन जुनं, बाजूच्या फोटोला वेळ जास्त लागायचा. ते घरघरून थांबलं. मला कळलं होतं ते कशाबद्दल विचारतायत. मी म्हणू शकले असते, चुकलं माझं. काहीही म्हणू शकले असते. मी म्हणाले, "हललात तुम्ही. परत काढावा लागेल."

"व्हय," ते म्हणाले. "माझीच चूक."

दुसऱ्यांदा मी काही सांगायच्या आत त्यांनी श्वास घेतला आणि धरून ठेवला. बटण दाबून झालं तरी धरूनच होते. मग मला म्हणावं लागलं, "सोडा."

दोन्ही फिल्म त्यांनीच धुतल्या. धापा टाकत घोंगडीआडून बाहेर आले आणि ओली फिल्म खिडकीकडे धरली. हृदयाच्या कडेनं पांढरी रेघ गेली होती, अंड्याच्या टरफलासारखी, खालून वळून पुढे आलेली. मग म्हणाले, "अब्बांनी सारी उमर भांड्याला आतून कलई केली. ह्यानं बाहेरून केलीय. पर काम पक्कं हाय."

ऑपरेशन हैदराबादला ठरलं. निघायच्या दिवशी ते दवाखान्यात आले. रुमाल नव्हता, कॉलरचं वरचं बटण उघडं होतं. काखेत चांगल्या फिल्मचं पाकीट, बरोबर बायको आणि शाहीन. डार्करूमची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता काही बोलतील. मनातल्या मनात मी उत्तर जुळवत होते.

"घोंगडी काढू नका, सिस्टर," ते म्हणाले. "उजेड शिरतो."

फाटकाशी एक म्हातारा गोळ्यांची पुडी घेऊन निघाला होता. त्याला थांबवून काहीतरी सांगितलं, म्हाताऱ्यानं मान हलवली, आणि मग ते रिक्षात बसले. मी त्यांना बघितलं ते शेवटचं.

ऑपरेशन झालं, कवच निघालं. पण इतकी वर्षं आवळलेलं हृदय मोकळं झाल्यावर त्याला जोर धरता आला नाही. नवव्या दिवशी गेले. दोन वर्षं आधी आले असते तर, असं तिथले डॉक्टर म्हणाल्याचं कळलं. निरोप आला त्या दुपारी आम्ही सगळे चहाला बसलो होतो. ड्रायव्हर म्हणाला, "चांगला माणूस, पण दारूनं नेला." फिजिशियन मॅडम त्या दिवशी नव्हत्या. खरं माहीत असलेली तिथं मी एकटीच होते. माझ्या हातात कप होता. मी चहा प्यायले.

त्याला बारा वर्षं झाली. शाहीनचं लग्न पुढे शिरडमध्येच एका दोन लेकरांच्या विधुराशी झालं. दवाखान्यात आली की "सलाम, सिस्टर" म्हणते. मी तिचा नंबर लवकर लावून देते आणि दुसऱ्या कामाला लागते.

हे सगळं त्या स्टुलावर बसून आठवलं. हातात होती ती पहिली, हललेली फिल्म. त्यांनी ती फेकली नव्हती. तिच्यात पांढरी रेघ एक नाही, दोन दिसतात, कारण मधे ते बोलले. बाकीची पोती मी संध्याकाळपर्यंत भरली. ते पाकीट पोत्यात टाकलं नाही.

सोमवारी सकाळी रजेचा अर्ज लिहिला, किल्ली धाकट्या सिस्टरकडे दिली, भंगारवाल्याला घोंगडी देऊ नको म्हणून सांगितलं आणि पहिल्या गाडीनं शिरड शहापूरला गेले. शाहीन ओट्यावर शिलाई मशीनवर बसली होती. "सिस्टर? कोण आजारी हाय का?" म्हणून उठली. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. रहीमाबीनं काय विचारलं, मी कोणत्या शब्दांत काय म्हणाले, चहाच्या वेळी काय बोलले नाही. मधे थांबले असते तर पुढचं सांगता आलं नसतं.

तिनं फिल्म घेतली, दारातल्या उजेडात धरली. "ही रेघ?"

"हो. कलई म्हणाले होते."

"माझे अब्बा पीत नव्हते, हे सांगायला तुमी एवढ्या लांब आलात?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "ते मला ठाऊक हाय. अम्मीला ठाऊक व्हतं. तुमचं नावबी नाक्यावाल्यांनी तवाच सांगितलं व्हतं. अब्बा म्हणायचे, सिस्टरला वाटलं तसं त्या बोलल्या. मी म्हणायची, पर काहून वाटलं?"

लाल डोळे आणि वास, हे तिच्यापुढे सांगण्यासारखं नव्हतं.

तिनं फिल्म पाकिटात घातली आणि माझ्या हातात परत दिली. "ज्यांना ठाऊक न्हाई त्यांच्याकडं जा. साडेआठची गाडी हाय हिंगोलीला." मग मशीनवर बसली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

हिंगोलीला गाडी बदलली. अकराच्या सुमाराला कनेरगाव नाक्यावर उतरले. बांगड्यांचं दुकान शोधावं लागलं नाही, रस्त्यालाच आहे. लग्नसराईची गर्दी होती, पाच-सहा बायका बसलेल्या. रहीमाबी आता थकली आहे, पण बांगड्या अजून तीच भरते. एका नवरीचा हात तिच्या हातात होता. मी म्हणाले, "मी दवाखान्यातली सिस्टर. चौदा वर्षांपूर्वी तुम्ही मला गफूरभाईंबद्दल विचारलं होतं."

"कौन गफूरभाई?"

"शिरडचे. फोटोवाले."

तिनं एक बांगडी पुढे सरकवली आणि आठवून मान डोलावली. "हां. वो पीनेवाले?"

बायका माझ्याकडे बघायला लागल्या होत्या.

"नाही," मी म्हणाले, आणि पाकिटातून फिल्म काढून रस्त्याच्या उजेडाकडे धरली.